तुम्ही विचारलंत म्हणून: "पण त्याचा उपयोग काय?"

लग्नात, मुंजीत, कॉलेज रोडवर चहा पिताना, माझ्या संशोधनाबद्दल प्रश्न ठरलेला: "धातूला वायू चिकटताना इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, बरं. पण त्याचं करायचं काय?" सोलरवर काम करणाऱ्याला असं कुणी विचारत नाही.

तापवलं की इलेक्ट्रॉन सुटतात, उजेड पडला की सुटतात, हे बारावीलाच झालंय. इथे दोन्ही नाही. ऑक्सिजनचा रेणू सिझियम या धातूजवळ येतो तशी त्याची रिकामी ऊर्जापातळी खाली सरकते. धातूतला एक इलेक्ट्रॉन तीत पडतो, सुटलेली ऊर्जा दुसऱ्याला मिळते. पुरेशी असेल तर तो बाहेर. हेबर आणि युस्ट यांनी अल्कली धातू (सिझियमचं कुटुंब) आणि क्लोरीन-ब्रोमीनसारखे हॅलोजन घेऊन हे १९१० च्या सुमारास पाहिलं होतं. हो, हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा तोच हेबर.

नाशिकच्याच एका कॉलेजात माझी मुलाखत होती. तज्ज्ञ म्हणाले, "दाब मोजणाऱ्या गेजचा तापलेला फिलामेंट चालू राहिला असेल, इलेक्ट्रॉन त्याचेच. सिझियमला खिडकीतला उजेडसुद्धा पुरतो." शंका रास्त होती, सिझियमचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, जेमतेम २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणूनच गेज बंद, काचेवर काळं कापड. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह उघडला की इलेक्ट्रॉन मोजणारा काउंटर पळायचा, बंद केला की थंड. सगळं सांगितलं. "किती रेणूंमागे एक?" मी म्हणालो, "हजारोंमागे, कधी लाखांमागे एखादा."

"म्हणजे नगण्यच." फाइल मिटली. शेजारच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. मला म्हणायचं होतं की कुंपण ओलांडणारे तेवढेच आपण मोजतो, ऊर्जा मिळूनही धातूच्या आतच उड्या मारणारे इलेक्ट्रॉन मोजतच नाही. पण "थँक यू" झालं होतं.

आतल्या उड्याही मोजता येतात, बरं का. १९९९ मध्ये संशोधकांनी सिलिकॉनवर चांदीचे आणि तांब्याचे पातळ थर देऊन हायड्रोजनचे अणू सोडले, तर अणू चिकटताना आत उडालेले इलेक्ट्रॉन सिलिकॉनमध्ये पोचून बारीक प्रवाह मिळाला. तांब्याचं वर्क फंक्शन साडेचारच्या आसपास, म्हणून बाहेर काही येत नाही. तांबट लेनमधल्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमच्या कळशीत करंट?" काका, तसं नाही हो.

प्रबंधात मी 'उत्प्रेरकांच्या अभ्यासास उपयुक्त' असं ठोकून दिलंय. आज वाचताना चीड येते, पण तेव्हा ते वाक्य नसतं तर कुणी पुढचं पान उलटलं नसतं, हेही खरंच. खरं कारण सांगू? अंधारात, काही न तापवता तो आकडा चढताना पाहिला आणि अडकलो. याला उपयोग म्हणायचं तर म्हणा. 'नगण्य' मात्र मी अजूनही ऐकून घेत नाही.