तिसरी चव

नव्याने संसार मांडलेल्या जोडप्याला आठवडाअखेरीस कुठे जाऊन आलात असे विचारले, की आधी ठिकाणाचे नाव येते आणि तिथे काय खाल्ले ते मागाहून येते. आमच्या घरी हा क्रम उलटा आहे. काय खायचे हे गुरुवारी रात्री भांडी आवरताना ठरते आणि ते चांगले कुठे मिळते यावरून शनिवारी सकाळी गाडी कोणत्या रस्त्याला लागणार ते ठरते. याला कोणी खादाडपणा म्हटले तर माझी हरकत नाही. मात्र त्यामागे थोडे घरगुती राजकारणही आहे.

माझे माहेर जळगाव जिल्ह्यातले, सासर मालवणजवळचे आणि दोघांच्याही नोकऱ्या पुण्यात. दोन्ही घरे इथून साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर आणि तीही विरुद्ध दिशांना असल्यामुळे शनिवार-रविवारच्या सुटीत ती आवाक्यात येत नाहीत. म्हणून दोन्ही घरे सणांसाठी राखून ठेवलेली आहेत. वाटणीही सोपी आहे: गणपती त्यांचे आणि आखाजी आमची. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात आणि माहेरवाशिणींच्या लेखी ती दिवाळीइतकीच मोठी असते. झाडाला झोके बांधलेले असतात, गौराई बसलेली असते आणि उलट्या खापरावर हाताने फिरवत मोठा केलेला पुरणाचा मांडा आमरसात बुडवून खायचा असतो. गणपतीत याच उत्साहाने आम्ही कोल्हापूरमार्गे घाट उतरून कोकणात पोहोचतो. मोदक तर सर्वांना ठाऊक असतात, पण मला तिथली ओढ आहे ती काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याची. पानावर दुसऱ्यांदा आंबोळी पडेपर्यंत सासूबाई समोरून हलत नाहीत आणि हात धुऊन आल्यावरही ‘जेवलंस काय गो?’ असे विचारून खात्री करून घेतात.

अडचण येते ती पुण्यातल्या स्वयंपाकघरात. मी केलेली सोलकढी सासूबाईंच्या सोलकढीशी ताडून पाहिली जाते आणि नवऱ्याने हौसेने केलेली शेवभाजी माझ्या आईच्या शेवभाजीशी. परीक्षक चारशे किलोमीटर लांब असले, तरी गुण देण्याचे काम त्यांच्या वतीने घरातच चोख पार पडते. हे प्रकरण अलीकडे भौगोलिक मानांकनापर्यंत, म्हणजे एखाद्या भागाच्या खास उत्पादनाला त्या भागाच्या नावाने मिळणाऱ्या अधिकृत ओळखीपर्यंत पोहोचले आहे. जळगावच्या केळ्यांना आणि भरिताच्या वांग्यांना ते मिळाले आहे, हे मी एकदा सहज बोलून गेले, तेव्हा समोरून सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम, वेंगुर्ल्याचा काजू आणि वर कोकणचा हापूस अशी यादीच आली. संख्येत मी हरले. परंतु हापूस एकट्या सिंधुदुर्गाचा नाही, त्यात इतरही जिल्हे वाटेकरी आहेत, हा माझा मुद्दा आजही कायम आहे.

अशा वेळी दोघांनाही हव्याशा वाटतील आणि दोघांपैकी कोणाच्याही घरच्या नसतील अशा पदार्थांचा शोध सुरू झाला. आमच्या भटकंतीचे मूळ तिथे आहे. सिंहगड हे त्यातले पहिले ठिकाण. आतकरवाडीतून उजाडता उजाडता चढायला लागावे, वर पोहोचेपर्यंत भूक खरीखुरी झालेली असावी आणि मग चुलीसमोर बसून पिठले-भाकरी मागवावी. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर जाते, टम्म फुगते, राख झटकून थेट ताटात येते आणि पहिला तुकडा मोडताना बोटे हमखास भाजतात. ताटात ठेचा, कच्चा कांदा आणि भजी असतात. कधी वांग्याचे भरीतही असते, पण त्याविषयी मी काही बोलत नाही; बामणोदच्या वांग्यांवर वाढलेल्या माणसाने परक्या गावच्या भरितावर मत देऊ नये, एवढे सौजन्य मी पाळते. शेवटी मडक्यातले दही येते. मडक्याच्या सच्छिद्र अंगाने पाणी शोषले जात असल्यामुळे ते इतके घट्ट असते, की मडके उलटे केले तरी दही जागचे हलत नाही. तो साखर घालून खातो, मी मीठ घालून, आणि या प्रश्नावर तडजोड होणार नाही हे दोघांनीही मान्य केले आहे.

हिवाळा सुरू झाला की वाईचा रस्ता धरावा. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि घाटावरच्या देवळापाशी एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेत पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ती एक आहे. तिथे अर्धा तास पाण्यात पाय सोडून बसल्यावर आणखी काही पाहायलाच हवे असे मला वाटत नाही. दोन दिवसांत सात ठिकाणे उरकणाऱ्यांचा हेवा मी कधी केला नाही. त्यांची छायाचित्रे चांगली येत असतील, पण त्यांचे जेवण नेहमी तीन वाजता आणि उभ्याउभ्या होते, हे मी पाहिले आहे.

पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे गेले की भिलार लागते. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे. गावातल्या घरांमध्ये, देवळांमध्ये वाचकांसाठी मराठी पुस्तके मांडून ठेवलेली आहेत आणि कुणाच्याही ओसरीवर बसून ती वाचता येतात. तो किल्ल्यांच्या इतिहासात शिरतो, मी कथासंग्रह उघडते आणि दोघांच्या मध्ये स्ट्रॉबेरीचा डबा असतो. पुस्तकांना डाग पडू नयेत म्हणून एका हाताने खायचे आणि दुसऱ्या हाताने पान उलटायचे, असा आमचा नियम आहे. शेतातून नुकतीच तोडलेली स्ट्रॉबेरी उन्हाने किंचित कोमट असते; देठाला धरून तिचे टोक तिखट-मिठात बुडवावे आणि क्रीम वगैरे बाकीच्यांसाठी सोडून द्यावे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही २०१० मध्ये मानांकन मिळालेले आहे. पण ते ना माझ्या खात्यात जमा होते, ना त्याच्या, त्यामुळे ती निर्वेधपणे खाता येते.

वाढदिवस आम्ही फारसे वाजवून साजरे करत नाही. ज्याचा वाढदिवस, त्याच्या माहेरचा पदार्थ दुसऱ्याने करायचा आणि त्या दिवशी गुण द्यायचे नाहीत, एवढा करार आहे. लग्नाचा वाढदिवस मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो, म्हणजे नेमका अशा वेळी, की अलिबागपासून महाबळेश्वरपर्यंत खोलीचे भाडे विचारले तरी पाणी प्यावे लागते. मागच्या वर्षी म्हणून आम्ही नगर रस्त्याला लागून एका शेतावर हुरडा खायला गेलो. गोवऱ्यांच्या आगटीत खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसे बाहेर काढून शेतकरीण ती तळहातावर चोळत होती आणि तिच्या पंज्यातून हिरवे, मऊ, वाफाळते दाणे आमच्या पुढ्यात पडत होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. माझ्या नवऱ्याने ज्वारी आजवर भाकरीच्या रूपातच पाहिलेली असल्यामुळे पहिली मूठ त्याने संशयाने तोंडात टाकली. दुसरी टाकताना त्याने काहीच विचारले नाही. चौथ्या-पाचव्या मुठीला मात्र त्याच्यातला कोकणी माणूस जागा झाला आणि ‘काकू, याच्यावर थोडे ओले खोबरे मिळेल का?’ असे त्याने अतिशय अदबीने विचारले. काकू इतक्या हसल्या, की त्यांच्या हातातले कणीस पुन्हा आगटीत पडले.

खोबरे अर्थातच मिळाले नाही, पण ती कल्पना मला पटली. घरी आणलेल्या हुरड्यावर सोमवारी संध्याकाळी आम्ही ओले खोबरे, हिरवी मिरची आणि लिंबू घालून पाहिले. आईला फोनवर सांगितले तेव्हा तिने ‘हुरड्यावर खोबरे?’ असे दोनदा विचारले, आणि सासूबाईंनी खोबऱ्याबद्दल काही न म्हणता हुरडा म्हणजे नेमके काय, तेच विचारले. यंदा डिसेंबरात नारळ घरूनच खोवून न्यायचा असे ठरले आहे. मी एक वाटी पुरेल म्हणते, तो दोन म्हणतो, आणि निर्णय व्हायला गुरुवार रात्रीपर्यंत वेळ आहे.