जार पडेपर्यंत

21 ऑगस्ट, रात्र. खानापूर तालुका, पाऊस चालूच.

म्हैस व्याली की घरातल्या सगळ्यांची नजर कासेवर. ती आधी शेपटीखाली जायला हवी. जार (पोटात रेडकाला पोसणारी वार) पडला का, किती वाजता, पुरा पडला का, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवलं तरी पुढचं निम्मं काम सोपं होतं. (कन्नड शेजारी ह्यालाच मासु म्हणतात.)

जार रेडकाचा. म्हशीचा त्यातला वाटा म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या मांसल गाठी, आणि त्या आतच राहतात. गाईच्या पिशवीत अशा गाठी 80 ते 120 असतात. प्रत्येक गाठीवर जाराचं एकेक लालसर फूल बसतं. फुलाचे बारीक केस गाठीच्या खळग्यांत रुततात, बोटं हातमोज्यात जावीत तशी. घोडीला अशी वेगळी फुलं नसतात, जार पिशवीला सगळीकडून चिकटतो. कुत्रीचा जार पिल्लाभोवती पट्टा गुंडाळावा तसा. माणसाची वार एकच गोल थाळी, आणि तिचे केस थेट आईच्या रक्तात बुडालेले.

हाच फरक चिकाच्या, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाच्या, वेळी आडवा येतो. बाईच्या वारेतून रोगाशी लढणारी प्रथिनं बाळाला पोटातच मिळतात. गाई-म्हशीत मधे पडद्यांचे थर जास्त, ती पार होत नाहीत. रेडकू ह्या प्रथिनांविना कोरडंच जन्मतं. म्हणून पहिल्या 2 तासांत चीक पाजायला सुरुवात, दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. 30 किलोच्या रेडकाला साधारण 3 लिटर. 24 तासांनी आतडं ती प्रथिनं घेतच नाही. शेजारी गिण्णा (खरवस) वाटायचा तर उरलेल्या चिकाचा.

गाईचा जार बहुतेक वेळा 12 तासांत पडतो, म्हशीचंही गणित तेच धरावं. केस सुटायची तयारी व्यायच्या आधीच सुरू असते. आईच्या पांढऱ्या पेशी मधला चिकटा विरघळवतात. दिवस भरायच्या आत व्याली, जुळी झाली, गाभ पडला, कॅल्शियम किंवा सेलेनियम कमी पडलं, तर ही तयारी अर्धवट राहते. कळा जोरात असूनही जार लोंबतच राहतो. अशा जाराला दगड किंवा जुनी चप्पल बांधणारे आजही भेटतात. ओढला की केस तुटून खळग्यात राहतात, तिथेच कुजतात. लोंबता भाग जमिनीला लागत असेल तर गाठ मारून वर घ्यावा, बस्स. ताप 39.5 अंशांच्या वर गेला, वास सुटला, चारा सोडला, की डॉक्टरांना बोलवायचं.

पडल्यावर पोत्यावर पसरून बघावा. दोन शिंगं, म्हणजे गर्भपिशवीच्या दोन फाट्यांत बसलेले जाराचे भाग, टोकापर्यंत शाबूत हवीत. गडद फुलं, मधे पातळ पारदर्शक कातडं, म्हणजे ठीक. मधलं कातडं चामड्यासारखं जाड, फुलं पिवळट-तपकिरी, आणि गाभ पाचव्या महिन्यानंतर पडलेला, तर ब्रुसेला ह्या गाभ पाडणाऱ्या जंतूच्या रोगाचा संशय धरायचा. उघडा हात लावायचा नाही. तो माणसालाही होतो. म्हशीला जार खाऊ द्यायचा नाही, घशात अडकतो. खोल खड्डा, वर चुना, वर दगड, नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात.