नवं गाणं लागलं की उठणारे

मी इंग्लंडमध्ये राहते, आणि इथल्या रॉक शोंमधली एक गोष्ट माझ्या डोक्यात जाते. गायक म्हणतो, "हे आमच्या नव्या अल्बममधलं," आणि अर्धी रांग उठून बिअर आणायला निघते. "सॉरी, सॉरी" करत, आपल्या गुडघ्यांना घासत सगळे बाहेर. दोन गाण्यांनंतर एखादी चाळीस वर्षं जुनी ओळखीची रिफ, म्हणजे गिटारची सुरावट, वाजली की तेच लोक प्लास्टिकचे ग्लास सावरत धावत परत येतात आणि घसा फुटेस्तोवर गातात. परवा एका शोला शेजारचे गृहस्थ अगदी प्रेमाने मला म्हणाले, "नवीन फार वाजवलं नाही म्हणजे मिळवली." अंगात त्याच बँडचा टी-शर्ट! त्या संध्याकाळपासून हे लिहायचं मनात आहे.

मला सर्वांत जास्त लागलं ते 2023 च्या उन्हाळ्यात, आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या शोला. त्यांचा 'सेनजुत्सू' हा अल्बम सप्टेंबर 2021 मध्ये आला. जवळजवळ 82 मिनिटांचा. त्यातली शेवटची तीन गाणी बासवाल्या स्टीव्ह हॅरिसने एकट्याने लिहिलेली, प्रत्येक दहा मिनिटांहून लांब. इतक्या वर्षांनी इतकं लांब आणि अवघड काही करायची या लोकांना गरज काय होती? जुन्या पुण्याईवर आयुष्य आरामात गेलं असतं. त्या तिघांतलं एक गाणं स्टेजवर सुरू झालं. सुरुवातीला बराच वेळ फक्त बास आणि हलकी गिटार, मग हळूहळू सगळा बँड त्यात उतरतो. आणि नेमक्या त्या हळू भागात माझ्या पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या.

मागे ड्रमवर निको मॅकब्रेन होता, 71 वर्षांचा. आम्हाला तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच सांगितलं की त्या जानेवारीत त्याला स्ट्रोक येऊन गेला होता आणि उजवी बाजू खांद्यापासून खाली लुळी पडली होती. मे महिन्याच्या अखेरीस दौरा सुरू झाला तेव्हा तो ड्रमवर हजर होता. डिसेंबर 2024 मध्ये साओ पावलोच्या शोनंतर त्याने दौऱ्यांमधून निवृत्ती घेतली. म्हणजे ते दहा मिनिटांचं गाणं तो त्या हाताने वाजवत होता आणि लोक बिअरच्या रांगेत उभे होते. बातमी वाचली त्या दिवशी मला त्या रिकाम्या खुर्च्यांचा पुन्हा राग आला. 2025 च्या दौऱ्यात मेडनने फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे 1992 पर्यंतचीच गाणी घेतली. पन्नास वर्षांचा सोहळा होता, त्यांचा हक्क आहे. तरी मला वाटलं, अखेर रांगेतल्या लोकांचं ऐकलं गेलं.

आपल्याकडे हे चालत नाही, आणि हे मी अभिमानाने सांगते. किशोरीताई आमोणकर वयाच्या 84 व्या वर्षी, निधनाच्या काही दिवस आधी दिल्लीत गायल्या होत्या. त्यांच्या मैफलीत ख्याल चालू असताना उठून जायची किंवा जुन्या रेकॉर्डची फर्माईश करायची कोणाची छाती होती? आपल्याकडे सत्तरीचा गवई मुरलेला मानतात. आज तो तोच राग कसा मांडतोय, हे ऐकायलाच लोक जातात. मग रॉकवाल्याने सत्तरी गाठली की "आता पुरे करा, जुनं वाजवा" असं का?

यावर मुंबईतून कोणीतरी मला नक्की सुनावणार, की धोबीतलावच्या रंगभवनला, आपल्या खुल्या नाट्यगृहात, काय वेगळं होतं? मान्य. तिथल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवात आपल्या पोरांनी स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून मेटॅलिका, मेडनच्या नावाने आरडाओरडा व्हायचा. पण त्याला कारण होतं. मूळ बँड धोबीतलावला येईल अशी आशाच नव्हती. ती गाणी समोर, मोठ्या आवाजात ऐकायची तर आपल्याच पोरांकडून, दुसरी सोय नव्हती. इथे इंग्लंडमधल्या माणसाला तोच बँड दर दोन-तीन वर्षांनी बसच्या अंतरावर ऐकायला मिळतो. त्याची आणि आमची बरोबरी कशी होणार? आणि 1 फेब्रुवारी 2008 ला मेडनने आपला जागतिक दौरा बीकेसीच्या मैदानातून सुरू केला, तेव्हा कुठून कुठून रात्रभर रेल्वेने आलेली पोरं शेवटच्या ठोक्यापर्यंत जागची हलली नव्हती.

माझ्या माहितीतला सर्वांत चांगला श्रोता गिरगावात राहतो. माझा मामा. बँकेतून निवृत्त झालाय. 1980 मध्ये 'द पोलीस' हा ब्रिटिश बँड रंगभवनला वाजवून गेला तेव्हा तो कॉलेजात होता, तिथे हजर होता. पुढे नोकरीत असताना शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटली की काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस. तिथल्या ऐकायच्या खोलीत उभं राहून निम्मी कॅसेट ऐकायची आणि मग ठरवायचं. 2016 मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा त्याने मला फोनवर ती बातमी घरातलं कोणी गेल्यासारखी सांगितली होती.

आता कुठल्याही जुन्या बँडचा नवा अल्बम शुक्रवारी आला की त्याच संध्याकाळी गॅलरीचं दार लावून, मोठ्या स्पीकरवर, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न बदलता ऐकतो. मामी तेवढा वेळ कुकर लावत नाही. जुन्या डायरीच्या उरलेल्या पानांवर गाण्यांचे नंबर घालून शेरे लिहितो, मग मला व्हॉट्सॲपवर फोन. जुडास प्रीस्ट या मेटल बँडचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' मार्च 2024 मध्ये आला तेव्हा डायरीची दोन पानं भरली होती. "अगं, त्यांच्या गिटारवाल्या ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स आहे आणि या अल्बमवर तो वाजवतोय. गायक हॅलफर्ड बहात्तरचा. आणि आवाज ऐक, आवाज!"

आणि हाच माणूस आता शोला जात नाही. दोन्ही गुडघे गेलेत. शेवटचा गेला तेव्हा गेटपासून मैदानाच्या आतपर्यंत चालून चालून अर्धा झाला, मग तीन तास उभं, बसायला दगडसुद्धा नाही, आणि पाण्याची बाटली गेटवर काढून घेतलेली. घरी आला आणि म्हणाला, "झालं माझं." इकडे इंग्लंडमध्ये मोठ्या हॉलमध्ये व्हीलचेअरवाल्यांसाठी उंच चौथरा असतो, पुढचे लोक उभे राहिले तरी स्टेज दिसेल इतका उंच. आधी कळवलं आणि कागदपत्रं दाखवली की सोबत्याचं तिकीट बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. मी त्या चौथऱ्यावर पंचाहत्तरीच्या बायका पाहिल्यात, पांढरे केस, हाताशी काठी, बाह्या कापलेलं डेनिमचं जाकीट आणि त्यावर शिवलेले डझनभर बिल्ले. एकीच्या मांडीवर थर्मास होता. कोणी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही, इतकं ते रोजचं आहे. त्यांना बघितलं की मला मामा आठवतो आणि राग येतो. मुंबईत श्रीमंतांसाठी मचाण बांधता येतं, सोफे टाकता येतात, मग गुडघे गेलेल्या माणसासाठी चार खुर्च्या का नाही?

"तिकडे कशाला राहतेस, इथे आता सगळे बँड येतात," असं नातेवाईक म्हणतात. येतात, खरंच येतात. कोल्डप्ले जानेवारी 2025 मध्ये तीन दिवस डी. वाय. पाटीलला वाजवून गेले, मेमध्ये गन्स एन' रोझेस महालक्ष्मीला. पण इंग्लंडमध्ये मला ऑफिस सुटल्यावर बसने जाऊन रात्री अकराच्या आत घरी परतता येतं, आणि उद्या माझे गुडघे गेले तरी माझी जागा त्या चौथऱ्यावर असेल. नोकरीचं कारण मी सगळ्यांना सांगते. हे खरं कारण मामालाच तेवढं कळतं. इथले ते चौथरे बघायला पुढच्या उन्हाळ्यात तो येणार आहे, व्हिसाचे कागद जमवणं चालू आहे.

तोवर फोनवर भांडण चालू आहे, रोलिंग स्टोन्सच्या 'हॅकनी डायमंड्स'वरून. ऑक्टोबर 2023 चा अल्बम, स्वतःच्या नव्या गाण्यांचा 2005 नंतरचा त्यांचा पहिलाच. मामाने त्यांना 2003 मध्ये ब्रेबॉर्नवर ऐकलंय, त्यामुळे त्याचा शब्द वजनदार. त्याचं म्हणणं, निर्माता अँड्र्यू वॉट तरुण आहे आणि त्याने सगळं घासूनपुसून चकचकीत केलंय. ड्रमर चार्ली वॉट्स 2021 मध्ये गेला, त्याची आधी रेकॉर्ड केलेली फक्त दोन गाणी यात आहेत, आणि मामाच्या मते तेवढीच श्वास घेतात: "बाकीच्यांत ठोका वेळेवर पडतो. चार्लीचा किंचित मागे रेलून पडायचा." मी म्हणते, ऐंशीच्या घरातला त्यांचा गायक जॅगर स्टीव्ही वंडर आणि लेडी गागाला सोबत घेऊन सात मिनिटांच्या गाण्यात आवाज असा वर नेतो, त्याला चकचकीत म्हणून सोडून कसं देतोस? काल त्याने ते गाणं पुन्हा लावलं. शेरा तोच ठेवलाय, फक्त समोर माझं नाव घालून प्रश्नचिन्ह टाकलंय. आता डीप पर्पलच्या 2024 च्या अल्बमची डायरी काढायची आहे. त्यात गिटारवर स्टीव्ह मोर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड आहे, आणि त्याच्या बाबतीत मामा एक शब्द ऐकून घेत नाही.