तुम्ही विचारलंत म्हणून : कॉन्फरन्स फोनची बॅटरी

“चार्ज पूर्ण दाखवतो, पण मीटिंग रंगात आली की मान टाकतो. नवा फोनच घ्यायला लागणार का हो?”

टेबलाच्या मधोमध ठेवायचे ते वायरलेस कॉन्फरन्स फोन सांभाळणं हा माझ्या कामाचा एक कोपरा आहे, आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. फोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो. संपलेली असते ती बॅटरी, आणि ती बदलता येते.

मग पडद्यावर पूर्ण चार्ज का दिसतो? पाइप आतून तुंबलेला असेल तर नळ बंद असताना दाब भरपूर असतो, नळ सोडला की धार करंगळीएवढी. बॅटरीचंही तसंच. गप्प बसलेल्या फोनला वीज लागते नाममात्र. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलला की स्पीकर एकदम जास्त ओढतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून विजेला होणारा अडथळा, वाढलेला असतो, त्यामुळे त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, आणि बॅटरी संपली असं समजून फोन स्वतःला बंद करून घेतो. पलीकडे कुणी खो-खो हसलं की नेमका फोन जातो, ही तक्रार मी ऐकलेली आहे आणि ती अगदी खरी आहे.

यावर हमखास येणारं वाक्य म्हणजे “पण आम्ही तर तो कायम चार्जरवरच ठेवतो!” तिथेच तर गोम आहे. लिथियम-आयन सेल भरला की ४.२ व्होल्टला पोचतो. त्या अवस्थेत, त्यातून उबदार जागी, महिनोन्‌महिने ठेवला की तो वापराविनाच म्हातारा होतो. अर्धवट भरलेला ठेवला तर जास्त टिकतो. पण मीटिंगच्या खोलीत अर्धवट भरलेला फोन कोण ठेवणार? तेव्हा काही वर्षांनी बॅटरी बदलायचीच, हे धरून चालावं.

आता खरेदी. लोक फोनचं मॉडेल सांगून बॅटरी मागवतात आणि तिथेच फसतात. आधी झाकण उघडा आणि जुन्या बॅटरीवरचं लेबल वाचा. व्होल्टेज तंतोतंत जुळलं पाहिजे: ३.७ च्या जागी ३.७, ७.४ च्या जागी ७.४. मिलीअँपिअर-अवर (mAh, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा) थोडे जास्त असले तर चालतात, उलट बरंच. (मात्र त्याच आकारात दुप्पट आकडा छापलेला दिसला तर मी ती बॅटरी परत ठेवतो.) आणि एक खोच आहे. काही जुन्या फोनमध्ये निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. तीन जोडले की ३.६. एकट्या लिथियम सेलवरही पुष्कळदा ३.६ च छापलेलं असतं. आकडा तोच, पण चार्ज करण्याची पद्धत साफ वेगळी. निकेलसाठी बनवलेल्या फोनमध्ये लिथियम घातला तर तो प्रमाणाबाहेर चार्ज होऊन पेटूही शकतो. म्हणून व्होल्टेजच्या शेजारी काय लिहिलंय, Ni-MH (निकेल) की Li-ion (लिथियम), तेही वाचायचं.

वायरींबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. नवी बॅटरी आली, आकार बरोबर, व्होल्टेज बरोबर, प्लग सॉकेटमध्ये टक्‌कन बसला. मी खुशीत. फोन मात्र चालू होईना, आणि दोन-तीन सेकंदांत तो जळका, कडवट वास. प्लग तोच होता, पण त्यातली लाल आणि काळी वायर उलट्या बाजूंना होती. बोर्डावरचा तिळाएवढा एक भाग काळा पडला होता, बस्स. तेवढ्याने फोन कायमचा गेला. तेव्हापासून जुना आणि नवा प्लग एकच बाजू वर करून शेजारी-शेजारी धरतो, रंगांचा क्रम बघतो, आणि तरीही दोन्ही प्लगना मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावतो, कारण वायरीचा रंग ही निव्वळ सवय आहे, हमी नव्हे. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर मीटरच्या काट्या उलट लागल्यात, म्हणजे लाल काटी ऋण टोकावर आहे. फक्त दोन्ही काट्या एकमेकींना टेकू देऊ नका.

तिसरी बारीक वायर असेल तर ती बहुधा तापमान सांगणारी असते. जुनीला तीन आणि नवीला दोनच वायरी असतील तर जुगाड करू नका, बॅटरी परत करा.

उघडण्याचं काम त्यामानाने सोपं. फोन बंद करायचा, चार्जरवरून काढायचा. स्क्रू दिसत नसतील तर खालचे रबरी पाय उचलून बघा, तिथे लपलेले असतात. प्लग काढताना वायर ओढायची नाही, नखाने प्लगची कड उचलायची. आणि झाकण लावताना वायर मध्ये चिमटली नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. झाकण बसत नाही म्हणून जोर लावला जातो तेव्हा खाली बहुतेक वायरच असते.

सपाट टेबलावर फोन डुगडुगतोय? मग बॅटरी फुगलीय. ती दाबू नका, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचकटू नका, चार्जरवर तर मुळीच ठेवू नका. सहज निघत नसेल तर जाणकाराकडे द्या. काढलेल्या कुठल्याही बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावायची आणि ती ई-कचऱ्यातच द्यायची. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत नाही.

बेस स्टेशनशी (ज्या डब्याशी हा फोन वायरशिवाय जोडलेला असतो त्याच्याशी) जोडणी पुन्हा करावी लागेल का, असंही विचारतात. साधारणपणे नाही. ती नोंद बॅटरी काढली तरी पुसली जात नाही.

राहता राहिलं पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह. बऱ्याच फोनमधला हिशोब जुन्या बॅटरीवर बसलेला असतो, त्यामुळे नवी घातल्यावर तो सुरुवातीला काहीही सांगतो. एकदा पूर्ण चार्ज करा, बॅटरी कमी झाल्याची सूचना येईपर्यंत वापरा, परत पूर्ण चार्ज करा. तोवर “नवी बॅटरीपण खराब निघाली” असं सांगायला मला फोन करू नका.