डेन की डेम?

जर्मनच्या ए-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या वर्गाकडून मी तीन आठवडे एकच तक्ता घोकून घेत होते. 'आउफ' (वर), 'उंटर' (खाली), 'हिंटर' (मागे) अशी नऊ अव्ययं. हालचाल असली की पुढच्या नामाची आकुझाटिव्ह विभक्ती, म्हणजे टेबलासाठी 'डेन टिश'; नसली की डाटिव्ह, म्हणजे 'डेम टिश'. चाचणीत जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी. बोलायला उभं केलं की मात्र सगळे गप्प.

त्या दिवशी तक्ता गुंडाळून ठेवला. पाठीला पाठ लावून जोड्या बसवल्या. एकाच्या हातात खोलीचं चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं जर्मनमध्ये सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसतं, म्हणून बोलावंच लागतं. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी बंगळुरूच्या प्रकल्पात शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवताना अशीच कामं दिली होती. तिथे नकाशे आणि वेळापत्रकंही होती.

सुरुवात निराशाजनकच होती. दोन जोड्यांनी 'लांपं, टिश, ओबन' (दिवा, टेबल, वर) एवढ्यावर भागवलं, एक जोडी सरळ मराठीत घुसली. मी जीभ चावून गप्प राहिले. मध्येच चुका सुधारत बसलं की काम थांबतं.

मग मागच्या बाकावरून आवाज चढले. मूळ चित्रात मांजर टेबलावर उड्या मारत होतं. कागदावर मात्र ते जमिनीवरून टेबलाकडे झेपावलेलं.

"तू 'आउफ डेन टिश' म्हणालास!"

"मग? उडी म्हणजे हालचालच ना? मॅडमनीच सांगितलंय!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तो म्हणत होता ते खरं होतं, माझा नियमच अर्धा होता. प्रश्न हालचालीचा नाहीच. मांजर कुठे पोचतंय ते सांगायचं तर 'डेन'. आधीच टेबलावर असून तिथेच उड्या मारतंय, तर 'डेम'. मराठीत 'टेबलावर' दोन्हीकडे तसंच राहतं आणि फरक 'उडी मारली' की 'उड्या मारतंय' यावरून कळतो, म्हणून तर आपल्याला हे जड जातं. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, कुणी न सांगता वह्या उघडल्या गेल्या.

"मॅडम, आणि मांजर टेबलाखाली पळत गेलं तर?"

मी त्याला कोरा कागद दिला. "आधी काढ. मग शेजारी सांगेल, तू काय म्हणायला हवं होतंस."