चेन्नईतला संत थॉमस: डोंगर आधी, कबर शेवटी

येशूचा शिष्य थॉमस पहिल्या शतकात दक्षिण भारतात आला आणि इथेच मारला गेला, अशी श्रद्धा आहे. चेन्नईतल्या त्याच्या तीन जागा एका दिवसात निवांत होतात, पण बहुतेक जण क्रम उलटा धरतात: आधी मैलापूरचं सांतोम चर्च, मग डोंगर. नेमक्या पायऱ्या चढायच्या वेळी ऊन डोक्यावर येतं. सकाळी डोंगरच गाठावा.

मेट्रोचा हिरवा मार्ग 'सेंट थॉमस माउंट'ला संपतो. डोंगराचं तमिळ नाव परंगीमलै, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर. रिक्षावाल्याला हेच सांगावं. उंची सुमारे 300 फूट, पायऱ्या दीडेकशे. गुडघे कुरकुरत असतील तर वरपर्यंत गाडीरस्ताही आहे.

वर गेल्यावर विमानतळाचे फोटो नंतर काढा, आधी तिथल्या चर्चमध्ये वेदीजवळचा दगडी क्रूस पाहा. तो पोर्तुगीजांना 1547 मध्ये पाया खणताना सापडला. थॉमसने तो स्वतः कोरला आणि त्यातून रक्त पाझरे, अशी श्रद्धा. कडेने कोरलेला लेख मात्र पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत आहे आणि साधारण सातव्या-आठव्या शतकाचा मानला जातो. म्हणजे पहिल्या शतकातल्या थॉमसचा हा पुरावा नव्हे. इराणशी नातं असलेले ख्रिस्ती इथे होते, एवढं त्यावरून नक्की कळतं. माझ्या मते तिन्ही जागांत सर्वांत बोलकी वस्तू हीच. असाच पहलवी लेख असलेला एक क्रूस 2001 मध्ये गोव्यात आगशीजवळ सापडला. अक्षरं दुरून लागत नाहीत, छोटी दुर्बीण न्या. मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू असेल तर वेदीपर्यंत जाता येणार नाही, संपेपर्यंत थांबा.

परतताना अलंदूरला गाडी बदलून निळ्या मार्गाने 'लिटल माउंट'ला उतरा. इथल्या गुहेत थॉमस लपला होता आणि एका भोकातून निसटला, असं सांगतात. आत जागा अरुंद. पाठीवरची सॅक हातात घ्या. अर्धा तास पुरे.

इथून सांतोमला रिक्षा सोयीची. आजची पांढरी निओगॉथिक इमारत 1896 ची. कबर तळघरात असून तिचं दार चर्चच्या मागच्या बाजूला आहे. पुढच्या दारातून आत जाऊन 'कबर दिसलीच नाही' म्हणणारे पुष्कळ.

खरा वाद या कबरीचाच. सिरियाक या जुन्या ख्रिस्ती धर्मभाषेतल्या, तिसऱ्या शतकातल्या 'थॉमसची कृत्ये' या ग्रंथात राजा मज्दईच्या सैनिकांनी त्याला भाल्यांनी मारल्याचं येतं, पण मैलापूरचं नाव नाही. त्यातलाच दुसरा राजा, गोंडोफरीस, वायव्य भारतातला. त्याची नाणी एकोणिसाव्या शतकात मिळाली आणि तो काल्पनिक नसल्याचं सिद्ध झालं. चौथ्या शतकात सिरियाक कवी-संत एफ्रेम लिहितो की थॉमसच्या अस्थी एडेसात (आजच्या तुर्कस्तानात) आहेत. 1258 पासून त्या इटलीतल्या ओर्तोनात आहेत, असं तिथले लोक मानतात. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस याच किनाऱ्यावरची कबर सांगतो, पण त्याच्या कथेत मोराच्या शिकाऱ्याचा बाण चुकून लागतो. ती खरी धरली तर हौतात्म्यच उरत नाही! पोर्तुगीजांनी 1523 मध्ये कबर उघडली, तेव्हा मिळालेल्या अवशेषांवर इथली परंपरा उभी आहे. 2006 मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी थॉमस पश्चिम भारतापर्यंत आल्याचं म्हटलं आणि दक्षिणेत नाराजी पसरली. तळघरात हा वाद काढू नका. समोर माणसं गुडघ्यावर असतात.

3 जुलैला थॉमसचा सण, तेव्हा गर्दी. रविवारची सकाळही टाळा. संध्याकाळी मागच्या समुद्रावर वारा छान असतो.