घामाने गेलेला रंग

डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटला लागून हॅरी स्ट्रीट नावाची एक बोळवजा गल्ली आहे. तिथे थिन लिझी या रॉक बँडच्या फिल लायनटचा ब्राँझचा पुतळा आहे, बेस गिटारसकट. २००५ साली बसवला. येणारेजाणारे त्या गिटारच्या तारांमध्ये आपापलं पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, खोचून जातात, आपल्याकडे पिंडीवर एखादं बेलाचं पान ठेवून पुढे जावं तसं.

गेल्या शनिवारी दुपारी मी तिथे उभा होतो. बायको 'दोन मिनिटांत आले' म्हणून दुकानात शिरली त्याला अर्धा तास होऊन गेला होता. पाऊस इथला नेहमीचा, म्हणजे छत्री उघडली की थांबणारा आणि मिटली की सुरू होणारा. शेजारच्या पबच्या छपराखाली दोन म्हातारे सिगरेट ओढत भांडत होते. भांडण कशावरून, तर आयर्लंडचा सगळ्यात मोठा रॉकवाला कोण.

एक डब्लिनचा, दुसरा कॉर्कचा. कॉर्कच्या बोलण्यात एक हेल असतो, वाक्य दर वेळी जिना चढून जातं. तो गिटारवाल्या रोरी गॅलहरच्या बाजूने होता. डब्लिनकर अर्थातच पुतळ्याच्या बाजूने.

"तुझा फिल तर इंग्लंडमध्ये जन्मला," कॉर्ककर म्हणाला. खरं आहे ते. १९४९ साली, वेस्ट ब्रॉमिचला. आई इथली, वडील ब्रिटिश गयानाचे. पण पोर वाढलं डब्लिनच्या क्रमलिनमध्ये, आजीपाशी. आजोळी वाढलेलं पोर त्या गावचंच, हे मला कुणी इंग्रजीत पटवून द्यायची गरज नव्हती. डब्लिनकराकडे मात्र दुसरं हत्यार तयार होतं. "आणि रोरी कुठला रे कॉर्कचा? बॅलीशॅननला जन्मला तो. डोनेगलमध्ये!"

मग जन्मदाखले निघाले. पोग्ज बँडचा शेन मगॉवन केंटमध्ये जन्मला, तोही नाताळच्या दिवशी. यूटू बँडचा अ‍ॅडम क्लेटन इंग्लंडचा. त्याच बँडचा एजही इंग्लंडमध्येच जन्मला, वर आईवडील वेल्श. असं करत गेलं तर आयर्लंडच्या वाट्याला पावसाशिवाय काही उरायचं नाही. मला हसू आलं, कारण फ्रेडी मर्क्युरीचा विषय निघाला की मी स्वतः "तो पाचगणीला शिकला हं" असं छाती फुगवून सांगणाऱ्यांपैकी आहे. जन्म झांझिबारचा, कीर्ती लंडनची, आणि गर्व आमचा! १९७७ साली फ्रेडीची क्वीन आणि फिलची थिन लिझी अमेरिकेत एकाच दौऱ्यावर होते, हे मला कळलं तेव्हा पाचगणीमार्गे फिलवरही थोडा हक्क सांगता येईल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

यूटूचा उल्लेख जन्मदाखल्यापुरताच. 'मोठे' म्हणून त्यांचं नाव दोघांनीही काढलं नाही. डब्लिनमध्ये हे मी पाहत आलोय. गावातलं पोरगं फार मोठं झालं की गाव त्याच्याकडे जरा तिरकंच बघतं. मी मात्र डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांना ऐकलंय, शेवटी रहमानही आला होता, आणि त्या रात्री ठाण्याच्या गाडीत मी आणि शेजारचा अनोळखी माणूस दोघेही घसा बसल्यामुळे खुणांनी बोलत होतो. पण छपराखाली हे सांगायची हिंमत झाली नाही.

कॉर्ककर आता रंगात आला होता. रोरीने १९६३ साली कॉर्कच्या क्रॉलीच्या दुकानातून गिटार घेतली, फेंडर स्ट्रॅटोकास्टर, जुनी, शंभर पौंडांना, उधारीवर. पंधरा वर्षांचं पोर. पुढे ती चोरीला गेली ("तुमच्या डब्लिनमध्येच!") आणि काही दिवसांनी एका खड्ड्यात पडलेली सापडली. रोरीने ती शेवटपर्यंत वाजवली. घामाने तिचा रंग असा गेला की खालचं लाकूड उघडं पडलं. बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते, बाहेरचे बँडवाले तिकडे फिरकत नव्हते, तेव्हाही हा तिथे जाऊन वाजवत राहिला. १९९५ मध्ये गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. २०२४ साली त्या गिटारचा लिलाव झाला, सगळं धरून जवळजवळ नऊ लाख पौंडांना, आणि घेणाऱ्याने ती राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली.

इथे मी मनातल्या मनात कॉर्ककराला मत देऊन टाकलं. माझी एक खोड आहे. नव्याकोऱ्या वाद्यावर माझा विश्वास बसत नाही. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाची पेटी होती, तिच्या मधल्या सप्तकातल्या पट्ट्या पिवळ्या पडून मध्ये किंचित खोलगट झाल्या होत्या आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्या तशाच पांढऱ्याशुभ्र. लहानपणी मी त्या खोलगट पट्ट्यांवरून नुसतं बोट फिरवत बसायचो. संगीतातलं मला तेवढंच कळतं. रोरी मोठा की फिल मोठा हे सांगायला मी कोण. पण रंग गेलाय ना, मग माणूस वाजवत असणार.

तेवढ्यात डब्लिनकराचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुझं काय मत?"

हा प्रश्न परक्या माणसाला विचारतात तेव्हा त्यात थोडी परीक्षा असते. मी म्हटलं, "डोलोरेस ओरिऑर्डन."

दोघेही गप्प झाले. मग कॉर्ककराने मान हलवली. "लिमरिकची," तो म्हणाला. जन्मदाखला कुणी मागितला नाही.

आता खरं सांगायचं तर मी डोलोरेसचं नाव संगीतासाठी घेतलं नव्हतं. माझ्याकडे तिचा एक किस्सा आहे, आणि तो मी इतक्या पार्ट्यांमध्ये सांगितलाय की नाव निघालं की तोंड आपोआप उघडतं.

१९९५ चा गणेशोत्सव. सोसायटीच्या विविध गुणदर्शनात आम्हा पोरांचा नाच होता. मामेभावाने डोलोरेसच्या क्रॅनबेरीज बँडची कॅसेट आणली होती. त्यातल्या 'झॉम्बी'वर नाचायचं ठरलं. गाण्यातला एक शब्द कुणाला कळत नव्हता. झॉम्बी म्हणजे भूत एवढं मामेभावाला माहीत होतं, आणि तेवढं पुरे होतं. पाच पोरं, अंगावर घरातल्या पांढऱ्या चादरी, तोंडाला टाल्कम पावडरचा थर, डोळ्यांभोवती काजळ. आईने माझ्यासाठी अर्धा डबा संपवला आणि वर "महिनाभर पुरतो हा" असंही ऐकवलं. सेक्रेटरीकाकांच्या हातात चिठ्ठी होती. त्यांनी माइकवर जाहीर केलं, "यानंतर बालगोपाळ सादर करत आहेत... झोंबी!" पहिल्या रांगेतल्या आजोबांना वाटलं कुस्तीवर काहीतरी आहे, ते सरसावून बसले. मग तिचा आवाज सुरू झाला. तो मध्येच फाटल्यासारखा होतो ना, तिथे आम्ही हात पुढे करून प्रेक्षकांवर धावून जायचं असं बसवलं होतं. बालवाडीतली दोन पोरं भोकाड पसरून रडली. वन्स मोअर मिळाला. उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबाही मिळाला.

लोक हसतात या किश्श्याला. मीही हसतच सांगायचो.

२०२३ च्या रग्बी वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडचे पाठीराखे सामना जिंकला की स्टेडियममध्ये 'झॉम्बी' गायला लागले. मग त्यावर इथे वाद झाला, हे गाणं असं जल्लोषात गावं का म्हणून. ऑफिसात जेवताना सगळे तावातावाने बोलत होते, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गाणं कशावर आहे. मार्च १९९३. इंग्लंडमधलं वॉरिंग्टन गाव, मदर्स डेच्या आदल्या दिवशीची दुपार, खरेदीची गर्दी. आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये बॉम्ब ठेवले होते. दोन मुलं गेली. एक तीन वर्षांचा, तो जागीच. दुसरा बाराचा, तो पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होता.

छपराखाली किस्सा तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. "का बरं ती?" कॉर्ककराने विचारलं. मी म्हटलं, "लहानपणी कॅसेट होती घरी." तो "बरोबर" म्हणाला. काय बरोबर, कोण जाणे. पबमधून तिसरा एक म्हातारा बाहेर आला, त्याने विषय काय आहे ते ऐकून घेतलं आणि सिगरेट पेटवायच्या आधी "व्हॅन मॉरिसन" एवढंच म्हणाला. तोही मॉरिसनसारखा बेलफास्टचाच निघाला. सगळं पहिल्यापासून सुरू झालं. बायकोही आली, हात हलवत. काही घेतलं नव्हतं.

रात्री आईला फोन करून तो फोटो मागितला. "आता कशाला रे तो?" म्हणाली, पण सकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, अल्बमच्या प्लॅस्टिकवरची ट्यूबलाइटची चमक मध्यभागी घेऊन. नाच संपल्यावर काढलेला आहे. पाच भुतं. घामाने पावडर ओघळलीय आणि खालची खरी तोंडं दिसायला लागलीत. मी डावीकडून दुसरा, हसतोय. बारा वर्षांचा.